एकसष्ट गुलाबी मणी

"पांढरा म्हणजे पांढरा! त्यात दुधी पांढरा आणि हाडी पांढरा असलं काही नसतं," असं मी मोठ्यानं म्हणालो आणि पांढऱ्या मण्यांच्या चारही बाटल्या एकाच बरणीत उलट्या केल्या. ऐकायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तर एवढ्या ठसक्यात म्हणालो. ही बारा दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. हिची थोरली बहीण, आम्ही दोघंही तिला अक्का म्हणतो, न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसली होती आणि तिच्या मदतीला ही गेली होती. मी मागच्या खोलीत जमिनीवर जुने पेपर पसरले होते आणि हिच्या मण्यांच्या कपाटाला हात घातला होता. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

ही म्हणजे माझी बायको. ही मणीकाम करते. शिवून तयार झालेले झगे, जाकिटं, बटवे लोक आणून देतात आणि ही त्यांच्या गळ्याला, बाह्यांना, काठाला बारीक काचेचे मणी लावून देते. काम असं सफाईदार की बघणारा आधी बोट फिरवून बघतो. पण ज्या कपाटातून हे काम निघतं ते कपाट बघाल तर डोक्याला हात लावाल. दोनशे तेरा नग. मी मोजले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, क्रीमच्या डब्या, पावडरचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि दांडा तुटलेली एक किटली. कशावर चिठ्ठी नाही. एका बाटलीत निळे मणी तेरा, शेजारच्या बाटलीत तसेच निळे मूठभर, तिसऱ्या डबीत निळ्यांबरोबर चार सोनेरी आणि एक शर्टाचं बटण.

मी तेवीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. साडेसहा हजार प्रकारचे सुटे भाग माझ्या ताब्यात होते. एकाच मापाचा वॉशर दोन खणांत सापडला की मी हाताखालच्या माणसांना फैलावर घ्यायचो. अशा माणसाच्या घरात हे कपाट! निवृत्त झाल्यापासून तर ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं. "अगं, एकदा लावून देऊ का?" असं मी शंभरदा विचारलं असेल. ही म्हणायची, "राहू दे. माझं मला सापडतं."

खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. निवृत्त माणसाला शाबास कोण म्हणतं? भाजी आणली तर ती जून निघते, दुरुस्त केलेला नळ दुसऱ्या दिवशी गळतो. म्हटलं, ही घरी येईल, कपाट उघडेल आणि बघत राहील. एवढ्यासाठी मी बारा दिवस राबलो. एकसारख्या झाकणांच्या चोवीस पारदर्शक बरण्या आणल्या. बारीक मणी, मोठे मणी आणि नळीसारखे लांबट मणी वेगळे करायला तीन चाळण्या केल्या. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा असं ओळीनं लावत गेलो. प्रत्येक बरणीवर माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली.

गुलाबीनं फार छळलं. काही गुलाबी लालाकडे झुकायचे, काही पांढऱ्याकडे. शेवटी जे लाल नाही आणि पांढरंही नाही ते गुलाबी असा नियम केला आणि नऊ ठिकाणचे गुलाबी एका बरणीत आणले. त्यातली एक बाटली सगळ्यात वरच्या फळीवर अगदी मागे होती. लहान मुलांच्या औषधाची बोटभर बाटली, रबरी बुचाची, वर रुमालात गुंडाळलेली. बूच इतकं घट्ट बसलं होतं की पिनेनं उचकटावं लागलं. आत मणी किती, तर चमचाभर. एवढ्याशा मालाला अख्खी बाटली आणि वर रुमाल! मी हसलो आणि मणी बरणीत ओतून रुमाल धुवायला टाकला.

बाराव्या दिवशी सगळ्या रिकाम्या बाटल्या-डब्या दोन पोत्यांत भरून भंगारवाल्याला देऊन टाकल्या. कपाट उघडून दोन पावलं मागे सरून बघितलं आणि माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली.

ही तेराव्या दिवशी दुपारी आली. मी चहासुद्धा पिऊ दिला नाही. "आधी मागच्या खोलीत चल," म्हणालो. कपाट उघडून बाजूला उभा राहिलो.

ही बघत राहिली. मला हवं होतं तसंच, पण जरा जास्त वेळ.

"छान दिसतंय," ही म्हणाली.

"दिसतंय काय नुसतं? आता डोळे मिटून हात घाल. पाहिजे तो रंग हातात येईल."

"हो ना." हिची नजर वरच्या फळीवर गेली. "इथं मागं एक लहान बाटली होती. रबरी बुचाची."

"तिच्यातले गुलाबीत टाकले. बाटल्या सगळ्या भंगारात दिल्या, घरात पाय ठेवायला जागा झाली."

"कधी दिल्यात?"

"काल. का? काही राहिलं होतं का त्यात?"

"नाही," ही म्हणाली. "चहा ठेवते." आणि आत गेली. मी कपाटासमोर तसाच उभा राहिलो, शाबासकीची वाट बघत. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई आली. ती आमच्याकडे पंधरा वर्षं काम आणते. बाई मनानं चांगली, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की कोणाच्या बापाला आवरायचा नाही. एका निळ्या झग्याच्या बाहीवरचे मणी गळले होते, ते भरून हवे होते.

"वहिनी, तुमच्याकडे याचे उरलेले असतीलच. तुम्ही ठेवताच," ती म्हणाली.

मी पुढं होऊन 'निळा' असं लिहिलेली बरणी तिच्यापुढं ठेवली. कारखान्यात साहेबापुढं हजेरीपुस्तक ठेवावं तशी. तिनं बरणी उजेडात धरली, हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"देवा! अहो, वहिनी एकेका झग्याचे उरलेले एकेका बाटलीत ठेवायच्या. मणी दर खेपेला वेगळे येतात हो. तुम्हाला एकच निळा दिसतो, पण उन्हात धरलं की बाही वेगळी आणि गळा वेगळा. डागडुजीला तेच मणी लागतात. पंधरा वर्षांचं सगळं एका बरणीत ओतलंत की!"

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "काही बिघडत नाही. मी बसवते कसं तरी. दोन दिवसांनी या."

शिंपीणबाई गेल्यावर मला शरम वाटायला हवी होती. पण मला राग आला. माणसाचं असंच असतं, स्वतःवरचा राग आधी दुसऱ्यावर निघतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा हे मलाही कळत होतं, पण बारा दिवस कंबर मोडून काम केल्यावर कोणी तरी चार गोड शब्द बोलावेत की नाही? ही ना रागावली ना हसली. निळ्या झग्याचे मणी हिनं दोन दिवस निवडून काढले आणि बाही भरून दिली. मला वाटलं, संपलं.

पण मग ही गुलाबी बरणी घेऊन बसायला लागली. सकाळी उन्हाची तिरीप खिडकीत आली की ही पांढऱ्या ताटलीत मूठभर गुलाबी मणी ओतायची आणि सुईच्या टोकानं एकेक मणी बाजूला करायची. उचलायची, उन्हात धरायची, परत ठेवायची. मी विचारलं, "आता गुलाबी झगा कोणाचा आला?"

"कोणाचा नाही."

"मग?"

"जरा निवडतेय."

तीन दिवस हेच. दुसरी कामं तशीच पडून. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. म्हणालो, "कोणत्या बाटलीला हात लावायचा नाही ते आधी सांगायचं होतंस ना! मी काय मनकवडा आहे?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" ही म्हणाली. आवाज चढवला नाही. परत सुई उचलली.

मी तणतणत बाहेरच्या खोलीत आलो आणि अक्काला फोन लावला. बायकोची तक्रार तिच्या बहिणीकडे करायची माझी जुनी सवय. अक्का वयानं माझ्याएवढीच, पण आवाज अजून शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत.

"काय स्टोअरकीपर, आज कशी आठवण झाली? माझा पाय बरा आहे, तुमच्या चौकशीची वाट बघत होता."

मी सगळं सांगितलं. कपाट, बरण्या, शिंपीणबाईचं बोलणं आणि आता हे गुलाबीचं वेड. "एवढ्याशा रबरी बुचाच्या बाटलीसाठी चार दिवस घरात अबोला आहे, अक्का. तुम्हीच समजवा आता तिला."

 

"रुमालात गुंडाळलेली होती का बाटली?" अक्कानं विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"पहिली दोन वर्षं माझ्याकडेच होती ती. तुम्ही टाकून द्याल म्हणून तिनं माझ्याकडे ठेवली होती." अक्काचा आवाज खाली आला. "भिंगरीच्या फ्रॉकचे मणी आहेत ते."

भिंगरी आमची मुलगी. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. सत्तावीस वर्षांपूर्वी, पाच वर्षं आणि दोन महिन्यांची असताना ती गेली. चार दिवसांचा ताप. पहिले दोन दिवस आम्ही म्हणत होतो, हवा बदललीय, उतरेल. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी तिथून आम्ही दोघंच परत आलो.

आठवड्याच्या आत मी घर आवरलं. तिचे कपडे, बूट, पाटी, दुधाचा पेला, रंग उडालेली बाहुली, सगळं दोन पोत्यांत भरलं आणि अनाथालयाच्या दारात ठेवून आलो. हिच्या डोळ्यांसमोर नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. खरं कारण असं होतं की कोपऱ्यातले ते वीतभर बूट बघितले की मला श्वास घेता येत नव्हता. मी पोती उचलली तेव्हा ही दाराला टेकून उभी होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, हिलाही हेच हवंय. वर्षाच्या आत मी दुसऱ्या गावी नोकरी धरली. इथं आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. 'मुलं किती?' असं कोणी विचारलं की हिनं तोंड उघडण्याआधी मी 'नाहीत' म्हणून मोकळा व्हायचो. नंतर नंतर लोकांनी विचारायचं सोडलं, आणि घरात आम्ही तिचं नाव घेणं तर केव्हाच सोडलं होतं.

अक्कानं बाकीचं सांगितलं. ज्या सकाळी मी पोती भरणार होतो त्या सकाळी, मी आंघोळीला गेलो तेवढ्यात, हिनं ब्लेड घेऊन फ्रॉकच्या गळ्यावरचे मणी कापून घेतले होते. अख्खा फ्रॉक लपवला असता तर मला कळलं असतं. मणी कळले नाहीत. भिंगरीलाच ताप यायच्या आधी जे औषध चालू होतं त्याची रिकामी बाटली हाताशी होती, तिच्यात ते भरले.

"तो फ्रॉक म्हणजे तिचं पहिलं मणीकाम," अक्का म्हणाली. "त्याआधी तिनं मणी हातात धरला नव्हता. नंतर सोडला नाही."

फोन कोणी ठेवला ते मला आठवत नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी तेव्हाही आवरलंच होतं. मला दुसरं काही येतच नाही. दुःख आलं की मी आवरायला घेतो, आणि आवरताना दुसऱ्याच्या हातातलं काढून घेतो. त्या वेळी दोन पोती होती, आताही दोन पोती. फरक एवढाच की त्या वेळी हिच्या मुठीत चमचाभर मणी राहिले होते, आणि सत्तावीस वर्षांनी मी तेही काढून घेतले. हौसेनं, शाबासकी मागत.

उठलो. स्वयंपाकघरातून दुसरी पांढरी ताटली घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन हिच्या समोर बसलो.

"किती होते?" मी विचारलं.

हिनं मान वर केली नाही. "अक्काला फोन केला होता वाटतं."

"हो."

"एकसष्ट," ही म्हणाली. "लावले होते बासष्ट. एक तिनं गिळला."

मी थांबलो. मग कुठून तरी, फार खालून, ते वर आलं. "तो दिवस आठवतोय मला. दोन दिवस तू तिला भांड्यावर बसवून..."

"मी नाही हो, तुम्ही! तुम्हीच काडी घेऊन शोधत होता. ती टाळ्या वाजवायची, बाबा खजिना शोधतायत म्हणून."

"सापडला होता का?"

"छे. डॉक्टर म्हणाले, जाईल निघून. तुम्हाला पटेना. तुमचं आपलं एकच, बासष्ट लावले तर मोजून बासष्ट भरायला पाहिजेत."

आम्ही हसलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिच्यावरून हसलो. आणि हसता हसताच हिचा आवाज फाटला. हातातली सुई खाली ठेवून ही रडायला लागली, तोंडावर पदर नाही, हात नाही, तशीच समोर बघत. मलाही दिसत नव्हतं काही.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "चुकलं माझं."

"कुठलं?" हिनं विचारलं.

टोमणा नव्हता तो. हिला खरोखरच विचारायचं होतं.

"दोन्ही," मी म्हणालो.

हिनं डोळे पुसले आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "उन्हात धरून बघायचं. तिचे जरा उतरलेले असतील, फ्रॉक दोनदा धुतला होता. आणि भोकात कुठं पिवळा दोरा अडकलेला असेल तर तो नक्की तिचा."

"पिवळा कसा? फ्रॉक गुलाबी होता ना?"

"पिवळा होता. मणी गुलाबी. तिला दोन्ही रंग पाहिजे होते, ऐकेना." ही माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हाला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. फ्रॉक मी स्वतःच्या हातानं घडी घालून पोत्यात भरला होता आणि त्याचा रंग मला आठवत नव्हता. तिच्या डाव्या गालावर खळी होती की उजव्या, तेही आठवेना. मी हिला विचारलं. ही म्हणाली, "डाव्या." मग मी आणखी विचारत गेलो. ती 'र' म्हणायची का? नाही, 'ल' म्हणायची. झोपताना काय लागायचं? माझा हातरुमाल. कोणता? निळ्या चौकड्यांचा. माझा रुमाल, आणि मला माहीत नाही! ही सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. इतकी वर्षं ते सगळं हिनं एकटीनं सांभाळलं होतं, आणि मी समजत होतो की ते आम्ही दोघं विसरलोय.

त्यानंतर नऊ दिवस आम्ही सकाळी खिडकीत बसलो. ऊन अकरापर्यंत असायचं, तोवर निवडायचं. हजारो मणी. पहिल्या दिवशी चौदा बाजूला निघाले, दुसऱ्या दिवशी बघितले तर त्यातले नऊ तसे वाटेनात. पिवळा दोरा असलेले तीन सापडले. त्या वेळी मी ओरडलोच. ही म्हणाली, "थांबा." भिंग आणून बघितलं. दोरा पिवळा होता खरा, पण रेशमी. फ्रॉक साध्या सुती दोऱ्यानं भरला होता. शिवाय हिनं पुढच्या वर्षांत पिवळ्यावर गुलाबी काम आणखी किती तरी वेळा केलं होतं. का केलं होतं, ते मी विचारलं नाही.

एकदा मला मोह झाला. एक बरा, फिकटसा मणी उचलून मी म्हणालो, "हा बघ, हा तिचाच." हिनं तो तळहातावर घेतला. क्षणभर हिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, हो म्हणेल. मग हिनं तो हळूच परत माझ्या ताटलीत ठेवला.

"नाही हो," ही म्हणाली. "असं करू नका."

परत तसं केलं नाही.

नवव्या दिवशी बाजूला काढलेले त्र्याऐंशी झाले होते. एकसष्टचे त्र्याऐंशी! मी परत भिंग उचललं, तेवढ्यात हिनं ताटली घेतली आणि सगळे मणी बरणीत ओतले. मी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"अगं, नऊ दिवसांचं काम!"

"नको आता," ही म्हणाली. "उगाच कोणाचे तरी कवटाळून बसू आणि तिचे बरणीत राहून जातील. मग कोणाच्या तरी झग्याला लागतील." हिनं झाकण लावलं. "सगळे राहू दे."

मी स्टूल आणलं आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली. त्या संध्याकाळी हिनं पडून राहिलेली कामं हातात घेतली. जुन्या उरलेल्या मण्यांचं काय करायचं तो घोळ काही मिटला नाही, डागडुजीला कोणी आलं की आम्ही दोघं खिडकीत बसून निवडतो. मी उन्हात धरतो, ही हो किंवा नाही म्हणते. मला आता सात पांढरे ओळखता येतात. दुधी आणि हाडी यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

महिनाभरानं शिंपीणबाई आली. पिशवीतून तिनं एक पांढरा फ्रॉक काढला. चार-पाच वर्षांच्या मुलीचा.

"वहिनी, गळ्याला दोन ओळी, बाह्यांना एक. गुलाबी हवेत. पोरीच्या आईनं दहादा सांगितलंय, गुलाबीच."

ही सुईत दोरा ओवत होती. ओवता ओवता थांबली.

"गुलाबी नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत? अहो दादा, ती काय वर बरणी! गच्च भरलीय. तुमच्याच अक्षरात लिहिलंय की."

"ते द्यायचे नाहीत."

"द्यायचे नाहीत तर ठेवलेत कशाला? मांडून पूजा करायचीय का?" ती हसली. "अहो, दीडशे लागतील फार तर. बरणीला कळणारसुद्धा नाही."

मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत नव्हती. पंधरा वर्षं ही बाई आमच्या घरी चहा पितेय आणि पंधरा वर्षं तिला वाटतंय की या दोघांना कोणी नव्हतं.

"आमच्या मुलीचे आहेत ते," मी म्हणालो.

शिंपीणबाईचं हसू तोंडावरच राहिलं. "तुम्हाला मुलगी आहे?"

"हो."

"अगंबाई! कधी बोलला नाहीत ते. केवढी आहे?"

सगळं धैर्य तेवढ्या एका शब्दात संपलं होतं.

"पाच वर्षांची," ही म्हणाली.

शिंपीणबाईनं हिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग वरच्या फळीकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईला गप्प झालेलं बघितलं. तिनं फ्रॉक उचलला, त्याची एक बाही दुमडली, परत सरळ केली.

"निळे चालतील," ती हळूच म्हणाली. "मी सांगते त्यांना. निळेसुद्धा छान दिसतात."

हिनं मान हलवली. मी उठून निळी बरणी काढली, झाकण उघडलं आणि मूठभर मणी पांढऱ्या ताटलीत ओतले. शिंपीणबाई पदर खोचून आमच्या शेजारी खाली बसली आणि एकेक मणी उचलून उन्हात धरायला लागली.